चोवीस जीबीचं लाकूड

मिस्त्रीने आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या मनाने निवडली होती, ती म्हणजे बायको. आणि तिच्याबरोबर मेहुणा आला. त्यानंतर निवडायचं असं काही उरलंच नाही. फ्रिज मेहुण्याने निवडला. पंखे त्यानेच निवडले. बाहेरच्या खोलीतला सोफा त्याच्या पसंतीचा, आणि मिस्त्रीच्या नाकावरचा चष्मासुद्धा ‘तुमच्या चेहऱ्याला हीच फ्रेम शोभते, भावजी’ असं म्हणून त्यानेच घ्यायला लावलेला. सोफ्यावर बसलं की गुडघे छातीला लागत. शिंक आली की चष्मा खाली पडे. पण पस्तीस वर्षांत मिस्त्रीने मेहुण्याला एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. एक तर त्याचा भांडायचा स्वभाव नव्हता, आणि दुसरं म्हणजे मेहुणा बोलायला लागला की मध्ये शब्द घालायला सुईच्या टोकाएवढी फट सापडत नसे.

मिस्त्री म्हणजे साधा सुतार नव्हे. ओतकामाच्या कारखान्यात तो पॅटर्न बनवायचा. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा म्हटलं की आधी तो हुबेहूब लाकडात घडवावा लागतो, तो वाळूत दाबून साचा घ्यावा लागतो, आणि मग त्या साच्यात लोखंडाचा रस ओततात. चौतीस वर्षं मिस्त्रीने पंपांची पोटं आणि झडपांची तोंडं लाकडात घडवली. आधी लाकडात, मग लोखंडात, हे त्याच्या हाडीमांशी इतकं भिनलं होतं की घराला नवं कुलूप आणायचं तरी तो आधी लाकडाचं कुलूप करून कडीला अडकवून बघायचा.

निवृत्त झाल्यावर त्याला व्हिडिओंचा नाद लागला. पॅटर्न बनवण्याची कला आता कुणी शिकत नाही, तेव्हा निदान ती चित्रात तरी राहू दे, असं त्याचं म्हणणं. फोनवर तो आपल्या हातांचं चित्रण करी आणि झोपायच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते जोडत बसे. एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं, पण त्याला साच्याच्या आतलं दाखवायचं होतं. लोखंडाचा रस वाळूच्या आत कसा शिरतो, कोपरे कसे भरतो, हे आजवर कुणाच्याही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मिस्त्रीने ते चौतीस वर्षं नुसतं मनात पाहिलं होतं. म्हणून वयाच्या बासष्टाव्या वर्षी तो त्रिमितीय चित्रं करायला शिकला. त्या रसाचं चाळीस सेकंदांचं दृश्य तयार व्हायला, म्हणजे रेंडर व्हायला, कॉम्प्युटर दहा तास घेई. सकाळी आठला बटण दाबायचं, संध्याकाळी सहाला बघायचं, आणि रस भलत्याच कोपऱ्यातून गळतोय असं दिसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ वाजता बटण.

तेव्हा चित्रांचं काम झपाट्याने उरकणारं ग्राफिक्स कार्ड हवं, यावर घरात एकमत होतं. भांडण, म्हणजे जे झालं नाही ते भांडण, कुठलं घ्यायचं यावर होतं.

मेहुणा विम्याच्या कार्यालयात फायली तपासायचा. त्याने चार दिवसांत कार्डांबद्दल जगात जे जे लिहिलंय ते सगळं वाचून काढलं. कार्ड मात्र त्याने उभ्या जन्मात हातात धरलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर शेळी जवळून बघायची गरज काय?

“भावजी, चोवीस जीबी. त्याच्या खाली बघायचंच नाही,” सोफ्यावर बसून तो म्हणाला. त्याचे गुडघे छातीला लागत नव्हते. सोफा घेताना तोच बसून बघून आला होता. “तीन पंखे आहेत. सगळ्या तक्त्यांमध्ये एक नंबर.”

“पण मला लागेल का रे एवढं?”

“लागेल का काय विचारता? पुढचा विचार करायचा असतो.”

“दुकानातली बाई म्हणाली तर…”

“दुकानदार काय, माल खपवायला बसलेले असतात. माझं ऐका. मी ठरवलंय.”

मी ठरवलंय. हे शब्द मिस्त्रीने फ्रिजच्या वेळी ऐकले होते, सोफ्याच्या वेळी ऐकले होते. पण फ्रिज काय, सगळ्यांचा असतो. हे कार्ड त्याच्या एकट्याच्या कामाचं होतं. साठी उलटून गेली, आता निदान एक वस्तू तरी आपल्या मनाने घरात आणायची, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्याला इतकी तीव्र वाटत होती की स्वतःचीच लाज वाटावी. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. मिस्त्रीचं अर्धंच पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता दुकानात गेला. दुकान कसलं, चिंचोळी खोली. भिंतीला छतापर्यंत खोकी, आणि मध्ये कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून बसलेली एक चाळिशीची बाई. तिने माल दाखवण्याआधी प्रश्नच विचारले. चित्रण कशावर करता? व्हिडिओ किती मिनिटांचा? त्रिमितीय दृश्यात काय काय असतं? पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे? कॅबिनेट आतून किती लांब?

मिस्त्रीने सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांत त्याला इतके प्रश्न विचारून उत्तरं ऐकून घेणारं माणूस तिच्या रूपाने पहिल्यांदा भेटलं होतं.

“मग मधलं घ्या, काका,” ती म्हणाली. “बारा जीबी, दोन पंखे. तुमचं दहा तासांचं काम तासाभरात होईल, आणि जोडताना चित्र अडखळायचं नाही. मोठं घेतलंत तर पॉवर सप्लाय बदलावा लागेल, आणि बसेल की नाही याची मी खात्री देत नाही. फोनवरच्या चित्रणाला एवढी ताकद कशाला? भाजी आणायला कुणी ट्रक नेत नाही.”

मिस्त्रीला ते पटलं. तिथल्या तिथे घेऊन टाकावं असं मनात आलं. पण मेहुण्याला काय सांगायचं? मला हवं होतं म्हणून, एवढं उत्तर त्या घरात आजवर कुणी दिलेलं नव्हतं. त्याला पुरावा हवा होता. मोठं कार्ड बसतच नाही हे सिद्ध झालं की विषय संपला, असा त्याने हिशेब केला, आणि खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला.

“काका, मापं खोक्यावर छापलेली असतात,” बाई म्हणाली.

“छापलेल्या मापावर मी कधी लाकूड कापलं नाही.”

तिने हसून काचेच्या कपाटातलं मोठं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. मिस्त्रीने कागदावर त्याची वरून, समोरून, बाजूने चित्रं काढली, प्रत्येक कंगोऱ्याचं माप टिपलं आणि घरी येऊन पाइनची फळी काढली.

नुसतं बसतंय का ते बघायचं तर चौकोनी ठोकळा पुरला असता. पण अर्धवट पॅटर्न करणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने तीन पंखे लेथवर कातले, प्रत्येकाला अकरा पाती कोरली, खाली स्लॉटमध्ये जाणारी पट्टी केली, कडेला जाळी कोरली आणि वर काळ्या रंगाचे दोन हात दिले. तीन दिवसांनी जे टेबलावर आलं ते पाहून बायको म्हणाली, “अहो, हेच लावा की! विकतचं कशाला?”

कॅबिनेट उघडून त्याने ते आत घालून पाहिलं. शेवटी तीन मिलिमीटर अडलं. मिस्त्रीचा आनंद गगनात मावेना.

“बसत नाही!” तो ओरडला. “अगं, बसत नाही! छोट्याला फोन लाव!”

छोट्या म्हणजे मेहुणा. वय चौपन्न, पण ताईचा छोट्याच. बायकोने फोन लावायच्या आधी टेबलावरची पोलादी पट्टी उचलून उलटसुलट करून पाहिली.

“या पट्टीने आखलंत का?”

“हो. का?”

“कारखान्यातली ना ही? हिनेच मी मागे पडद्याचं कापड मापलं होतं. महिनाभर पडदे फरशी पुसत होते.”

मिस्त्रीचा चेहरा पडला. लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा असतो. आणि दर वेळी गणित नको म्हणून त्या पट्टीवरचा सेंटीमीटरच मुळात थोडा लांब कोरलेला होता. चौतीस वर्षांच्या सवयीने त्याने आकसणारं कार्ड बनवलं होतं.

“आता हे काय निवून आकसणार आहे थोडंच?” बायको म्हणाली.

लबाडी करता आली असती. तीन मिलिमीटर कोण बघणार होतं? पण चुकीच्या मापावर बोट ठेवून खरं बोलल्याचा आव आणणं मिस्त्रीला जमेना. त्याने मुकाट्याने रंधा घेतला, टोक तासलं, रंगाचा हात दिला आणि पॅटर्न पुन्हा आत घातला. तो असा बसला की जणू कॅबिनेट त्याच्यासाठीच केलेलं. पुरावा हवा होता तो मिळाला, फक्त मेहुण्याच्या बाजूने. मिस्त्रीने काळ्या काचेचं झाकण लावलं आणि तोंड पाडून चहा प्यायला गेला.

रविवारी सकाळी मेहुणा आला, नेहमीप्रमाणे चपला काढता काढता बोलतच. झोपायच्या खोलीच्या दारात मात्र तो एकदम थबकला. कॅबिनेटच्या काळ्या काचेतून तीन पंखे दिसत होते.

“घेतलंत!” तो किंचाळला. “ताई, घेतलं यांनी!”

“अरे, ते…” मिस्त्री म्हणाला.

“काही बोलू नका!” मेहुण्याने गुडघे टेकून काचेला नाक लावलं. “हेच ते. चोवीस जीबी. काय भारदस्त दिसतंय! चालू करा, चालू करा.”

मिस्त्रीने पुन्हा एकदा तोंड उघडलं, पण नेहमीप्रमाणे फट सापडली नाही. मग त्याने कॉम्प्युटर चालू केला आणि मागच्या आठवड्यात तयार झालेलं रसाचं दृश्य लावलं.

“बघा!” मेहुणा मांडीवर थाप मारून म्हणाला. “लोण्यासारखं चालतंय. आधी असं होतं का?”

आधी तंतोतंत असंच होतं. मग मेहुण्याने जोडकामाची फाइल उघडायला लावली; तिथे चित्र तीनदा अडखळलं. “ते तुमच्या फोनचं शूटिंग,” मेहुण्याने निकाल दिला. “कार्ड बिचारं काय करणार?”

“पंखे फिरत नाहीयेत रे,” बायको दारातून म्हणाली. तिचा चेहरा इतका निष्पाप होता की मिस्त्रीला तिच्याकडे बघवेना.

“ताई, हल्लीची कार्डं गरज नसेल तेव्हा पंखे बंद ठेवतात. याला म्हणतात बुद्धी.” ही माहिती खरीच होती, मेहुण्याने वाचलेलं कधी खोटं नसे. “आणि आवाज ऐका. ऐकू येतोय? नाही ना? इथे हात लावा. गरम लागतंय?”

“अजिबात नाही,” मिस्त्री म्हणाला.

“लागणारच नाही!”

मेहुणा गेल्यावर नवराबायको स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बायकोने ओट्याला धरून ‘याला म्हणतात बुद्धी’ म्हणून दाखवलं आणि मिस्त्री चष्मा सांभाळत खालीच बसला. पस्तीस वर्षांची सगळी वसुली झाली असं त्याला वाटलं.

पण गंमत दोन दिवसच टिकली. मंगळवारी मेहुणा आपल्याबरोबर सकाळी फिरायला येणारे दोघं मित्र घेऊन आला. तिघं ओळीने काचेपुढे वाकले. मेहुण्याने पंखे दाखवले, शांतता ऐकवली. एकाने विचारलं, आमच्या मुलीसाठी कुठलं घेऊ? मेहुणा म्हणाला, डोळे मिटून हेच. निघताना दुसऱ्याने मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “नशीबवान आहात. असा मेहुणा असल्यावर स्वतः डोकं चालवायची गरजच नाही.”

दार लागल्यावर मिस्त्री खोलीत येऊन कॅबिनेटपुढे बसला. आता हसू येईना. आपण शेंडी लावली मेहुण्याला, असं तो समजत होता. आणि झालं काय? त्या काचेआड लाकूड असो की सोनं, ते मेहुण्याने निवडलेलं होतं. फ्रिज, पंखे, सोफा, चष्मा, आणि आता हे. त्याने स्वतःच्या हाताने अकरा अकरा पाती कोरली आणि नाव झालं दुसऱ्याचं. शिवाय उद्या बारा जीबीचं आणायचं तर आधी हे काढावं लागणार, आणि काढलं की मेहुणा विचारणार, एवढं चांगलं कार्ड काढलंत कशाला? त्याला मनापासून राग आला, आणि राग मेहुण्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला.

“सांगून टाका,” मागून बायको म्हणाली.

“तुझा भाऊ आहे. त्याचं तोंड कसं होईल?”

“होईल तसं होऊ दे. त्याला मी वाढवलाय, मला माहितेय, दोन दिवसांत पुन्हा फुगतो. फक्त चारचौघांत नको.” तिने काचेवरचे बोटांचे ठसे पदराने पुसले. “आणि पस्तीस वर्षं तुम्ही गप्प बसलात ते माझ्यासाठी बसलात, असं मला सांगू नका हं. मी कधी सांगितलं नव्हतं.”

हे मिस्त्रीला चांगलंच लागलं, कारण खरं होतं.

गुरुवारी मेहुणा एकटाच आला. “भावजी, बिल द्या. वॉरंटीची नोंदणी तुम्ही केली नसणार, मला माहितेय. आणि कार्डावरचा नंबर लागेल.”

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर घेतला, काच काढली, आत हात घालून ते उपसलं आणि मेहुण्याच्या हातात ठेवलं.

मेहुण्याने जड वस्तू घ्यावी तसे दोन्ही हात पुढे केले होते. ते हलकं निघाल्याने उगीचच वर गेले. त्याने ते पालटून पाहिलं. एका पंख्याला बोटाने ढकललं. पंखा हलला नाही. मग खालच्या कडेला, जिथे रंग पातळ होता, तिथे नखाने खरवडलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि पलंगावर बसला. त्याचे कान लाल झाले होते. खरं सांगायचं तर मिस्त्रीला विजय वगैरे काही वाटला नाही. लग्नात याच पोराने त्याच्या चपला सांभाळल्या होत्या.

“मित्रांना कळलंय?” मेहुण्याने हळूच विचारलं.

“नाही. कळणारही नाही.”

मेहुण्याने पॅटर्न उजेडाला धरला.

“लाकूड कुठलंय?”

“पाइन.”

“सागवान घ्यायला हवं होतं, भावजी. टिकतं.”

दारात बायकोने पदर तोंडात कोंबला. मिस्त्रीच्या जिभेवर नेहमीचं ‘हो रे, खरंय’ येऊन बसलं होतं. ते त्याने गिळलं.

“नाही,” तो म्हणाला.

मेहुण्याने मान वर केली. आपल्याला नीट ऐकू आलं नसावं, असं त्याला बहुधा वाटलं.

“नाही,” मिस्त्री पुन्हा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. “पॅटर्नला पाइनच लागतं. सरळ रेषेचं, हलकं, सहज कोरलं जाणारं. सागवान जड पडतं आणि हत्याराची धार खातं. हे मला कळतं, तुला कळत नाही. आणि दुसरं, मी बारा जीबीचं घेणार आहे. दोन पंख्यांचं.”

“का?”

पुरावे तयार होते. पॉवर सप्लाय होता, दुकानातल्या बाईचा ट्रक होता. मिस्त्रीने त्यातलं काहीच काढलं नाही.

“मला हवंय म्हणून.”

“असं?” मेहुणा म्हणाला. त्याने पॅटर्न अलगद पलंगावर ठेवला. “मग… मी येऊ बरोबर? नुसता बघायला.”

“ये. पण दुकानात बोलायचं नाही.”

शुक्रवारी दोघं दुकानात उभे राहिले. बाईने दोन्ही खोकी समोर ठेवली आणि विचारलं, “मग कुठलं, काका?” मेहुण्याचं तोंड उघडलं. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. ते मिटलं. मिस्त्रीने आपल्या खोक्यावर बोट ठेवलं. त्या क्षणी, सांगायला हरकत नाही, त्याला भीती वाटली. चुकलं तर आता नाव घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. पण बोट त्याने हलवलं नाही.

परत येताना मिस्त्री स्कूटर चालवत होता आणि मेहुणा मागे बसून दोन्ही हातांनी खोकं छातीशी धरून होता. अर्धा रस्ता तो एक अक्षर बोलला नाही. त्याच्या मानाने ही तपश्चर्याच होती. चौकात स्कूटर थांबली तेव्हा मात्र त्याला राहवेना. तो पुढे वाकून म्हणाला, “भावजी, उजवीकडून घ्या. लवकर पोहोचू.”

मिस्त्री डावीकडे वळला.